नऊपैकी सहावं

आज अष्टमी. तिथीची पाऊणपट म्हणजे सहा.
सहाला बेलापूरची खाडी भरली,
भांगाचं पाणी, आवाज न करता.
साडेसहाला टिपणीसबाई आल्या, पुण्याहून,
चाकाची मोजपट्टी, पेन्सिल, हिरवी वही,
मैदानाला गुण द्यायला.
बॅग माझ्या खांद्यावर.
"किती वर्षं आहात इथं?"
मैदान अकरा वर्षांचं. मी त्रेपन्नचा.
म्हटलं, अकरा.

पहिलं होल सरळ, रुंद,
पाहुण्यापुढे मांडलेल्या पाटासारखं. सात गुण.
दुसरं-तिसरं मलाही धड आठवत नाही,
माती आणलेली, गवत आणलेलं,
वाळूसुद्धा ट्रकातून आलेली.
बाईंनी दोघांना मिळून एकच ओळ लिहिली.

चौथ्यावर मतलई वारा पाठीशी होता.
त्यांनी आठ नंबर मागितला. म्हटलं, सात घ्या,
उन्हं वर आली की हा वारा
निरोप न घेता निघून जातो.
त्यांनी आठच घेतला.
चेंडू चिखलात. दोन निवट्या उडाल्या.
बाई काही बोलल्या नाहीत, वहीत लिहिलं:
वारा – कॅडीला विचारावं.

पाचव्याला नेम धरायचा पलीकडे,
उलव्याच्या त्या अर्ध्या टॉवरवर.
दर सहा महिन्यांनी नेम चार मजले वर सरकतो.
यावर त्या हसल्या. सहा गुण.
हसण्याचा अर्धा असावा त्यात.

मग सहावं.
एकशे एक्केचाळीस यार्ड, समोर पुरुषभर बांध,
ग्रीन बांधापलीकडे.
टीवरून दिसतो फक्त झेंड्याचा शेंडा,
तोही वारा असला तर.
"आंधळं होल," बाई म्हणाल्या,
"आखणाऱ्यानं काय पाहिलं होतं?"
आखणाऱ्यानं काढायलाच सांगितला होता हा बांध.
बुलडोझर दोनदा रुतला, म्हणून राहिला.
घातला माझ्या बापानं, जोमानं,
आणि आणखी चौदा जणांनी,
ओहोटी असेल तेवढ्याच वेळात,
ओल्या चिखलाचे गोळे हातोहात देत.
हे मी मोठ्यानं बोललो की मनात,
आता सांगता येत नाही.

"मारायचं कुठे?"
उघाडीचा तो लाकडी खांब दिसतो ना,
त्याच्या हातभर डावीकडे. बांधावर टेकू द्या.
पुढे उतार आहे,
पाणी जिथून जायचं तिथूनच जाईल.

त्यांनी मारला. चेंडू बांधावर टेकला आणि दिसेनासा झाला.
आम्ही चढलो.
मोजपट्टीचं चाक दगडात अडलं, ते मी उचललं.
ग्रीनच्या डाव्या कोपऱ्यात टक्कल आहे,
माळी तीनदा गवत लावून दमला.
चैत्र लागला की तिथं पांढरं फुलतं.
चेंडू बरोबर त्या टकलावर, होलपासून सहा पावलं.
बाई उकिडव्या बसल्या.
बोट टेकवलं जमिनीला, मग जिभेला.
बराच वेळ तशाच.
"हे काय होतं आधी?"
कोंडी होती, बाई. मिठाची. सगळ्यात जास्त हीच द्यायची.
तिला आम्ही दुभती म्हणायचो.

तीन पटांत आत घातला त्यांनी.
चांगला नाही, वाईटही नाही.

सातवं, आठवं बोलण्यात गेली,
त्यांच्या गुडघ्याविषयी बहुतेक.
नवव्याला पाच गुण दिले. मी चार दिले असते,
तिथलं तळं खोटं आहे, त्याला भरती नाही.

क्लबच्या ओट्यावर त्या सरबत पीत बेरीज करत होत्या.
वही उघडी. वाकून पाहायची सवय नाही मला,
पण बॅग तिथंच ठेवायची होती.
सहाव्यापुढे आकडा नव्हता.
दुभती, एवढंच, आणि खाली
दोनदा खोडलेलं काहीतरी.
बेरीज आठांचीच लागत होती.

किती वर्षं, ते त्यांनी पुन्हा विचारलं नाही.
पैसे दिले, वर पन्नास.
खांदा भरून आला होता.
उघाडीतून पाणी अजून जात होतं,
दुपारी बारापर्यंत जाणार होतं.