चौदा सेकंद

औलूच्या उत्तरेला, नदीच्या वळणावर
कागदाची गिरणी होती. आता तिथे
जीपीयूंची कपाटं घोरत उभी असतात,
आणि त्यांच्या उष्ट्या उबेवर
पलीकडच्या वस्तीची न्हाणीघरं तापतात.
फेब्रुवारी. बाहेर उणे सव्वीस.

मेर्वी सेकंद मोजते.
एक कंटेनर जागा व्हायला साडेसहा मिनिटं.
आधी लायब्रऱ्या उघडायच्या,
मग मॉडेलचं ओझं वर चढवायचं, खेपेखेपेनं,
मग एखादा खोटाच प्रश्न विचारून
त्याला घसा साफ करायला लावायचा.
तोवर तुर्कूतली कुणी बाई
तापलेलं मूल मांडीवर घेऊन
पडद्यावरचं गरगरतं वर्तुळ बघते,
आणि फोन पालथा ठेवते.
गर्दी ओसरली, कंटेनर मारा.
गर्दी आली, पहिले पाढे पंचावन्न.

इल्पोनं याच छपराखाली
तीन नंबरचं यंत्र सव्वीस वर्षं चालवलं.
डबा उघडता उघडता म्हणाला,
"आम्ही ते रविवारीसुद्धा थंड होऊ देत नव्हतो.
थंड झालं, की सोमवार गेलाच."
मग बऱ्याच वेळानं,
"आई पावाची काथवट कधी धूत नसे.
कडेला आंबवण वाळून खडखडीत. महिना, दोन महिने.
कोमट पाणी घातलं की सकाळी बुडबुडे."
मेर्वी काही बोलली नाही.
उठून गाडीपर्यंत गेली, तशीच परत आली.

तीन आठवडे लागले.
जीपीयूला सांगायचं, हातातलं संपव, नवं घेऊ नको.
त्याच्या पोटातलं सगळं
यजमान यंत्राच्या मेमरीत उतरवून घ्यायचं.
मग प्रोसेस आहे तिथे, आहे तशी गोठवायची:
उघड्या फायली, अर्धवट विणलेले धागे,
ओठांवर आलेला शब्दसुद्धा
डिस्कवर.
हवा तेव्हा, हव्या त्या कपाटात पुन्हा ओतायचं.
त्याला कळतही नाही मध्ये काही गेलं ते.
पापणी लवली, एवढंच.

पहिल्यांदा ड्रायव्हर वेगळा निघाला.
परक्या घरात जागं झाल्यासारखं
ते एकदा ओरडलं आणि मेलं.
दुसऱ्यांदा चौदा सेकंद.
मेर्वीनं घड्याळ इल्पोच्या नाकासमोर धरलं.

शुक्रवारी एकाच ठशातून चाळीस उठवले.
"एक ते हजार, मनाला येईल तो आकडा सांगा."
सहाशे सतरा.
सहाशे सतरा.
चाळिसांच्याही मनाला सहाशे सतराच आला.
इल्पो खोकला येईपर्यंत हसला.
मेर्वी मात्र पांढरीफटक.
नशिबाचं बीजसुद्धा
आम्ही बाकीच्याबरोबर गोठवलं होतं.
आणि सगळ्यांचा वार मंगळवार;
मंगळवारचे, कधीच बाद झालेले परवाने घेऊन
ते शुक्रवारची दारं वाजवत होते.

आता उठल्या उठल्या, बाकी काहीही व्हायच्या आत,
कुणीतरी त्यांच्या कानात सांगतं
आज काय वार आहे,
चाळिसातला तू कितवा,
आणि हातावर एक नवं बी ठेवतं.
तुर्कूला उत्तर वेळेत पोहोचतं.
त्या बाईचंच पोहोचलं का, ते आम्हाला कळत नाही.

एक गोष्ट तेवढी राहिली.
गोठवताना घसा साफ करायचा तो प्रश्न
अर्ध्यावर होता. मेर्वीनंच टाकलेला:
नदीवरचा बर्फ कधी फुटतो?
उत्तर "साधारण मेच्या" इथवर आलं,
आणि थांबलं.
म्हणून रात्रभर, जो कंटेनर उठतो
तो आधी स्वतःशीच वाक्य पुरं करतो.
मी नोंदी बघत बसतो. त्या तेवढ्या दोन शब्दांच्या,
कुणालाच उद्देशून नसलेल्या:
पहिल्या आठवड्यात.
पहिल्या आठवड्यात.

काढून टाकू का, मी विचारलं.
राहू दे, मेर्वी म्हणाली.

इल्पोनं चष्मा वर करून पडदा वाचला.
"चूक आहे," म्हणाला.
"माझ्या लग्नाच्या वर्षी जून उजाडला होता."