किनाऱ्यापासूनचे अंतर

समितीतले एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले,
"पण मॅडम, नागपुरात बसून खाडीचा अभ्यास?"
बाकीचे हसले. मीही हसले.
पोहे आले, बोलणं तर्रीवर गेलं.
अर्जात एक रकाना होता:
किनाऱ्यापासूनचे अंतर, किलोमीटरमध्ये.
तो कोरा ठेवून आले.

आता पारडीच्या पुलावरून
नाग नदीत बाटली सोडताना
उत्तरं सुचतायत, एकाहून एक.

दोरी निनावेंच्या हातात.
नोकरीआधी ते मागावर बसायचे,
त्यांची गाठ सुटत नाही.
"नाक झाका, मॅडम," म्हणतात. स्वतः झाकत नाहीत.
सायकल थांबवून एक पोट्टं विचारतं,
"काय काढून राहिले जी?"
"पाणी."
"पाणी हाये काय याच्यात?"

बाटलीत बुडबुडा राहू द्यायचा नाही.
दोन मिली हे, दोन मिली ते,
बूच, मग उलटीसुलटी.
पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी बसतो,
करपत आलेल्या कांद्याच्या रंगाचा.
नसेल तर पांढरा.
आज पांढरा. गेल्या सोमवारी पांढरा.
मी वहीत शून्य लिहिते, अंकी आणि अक्षरी,
चेकवर लिहितात तसं.

हे पाणी इथे थांबत नाही.
पिवळी नदी मिळते, कन्हान मिळते,
आंभोऱ्याला वैनगंगा,
गोसेखुर्दच्या भिंतीशी ते कितीतरी दिवस अडून राहतं,
पुढे वर्धेला भेटून नाव बदलतं: प्राणहिता.
(हे नाव लिहिताना माझं पेन दर वेळी थोडं अडतं.)
मग गोदावरी. मग खारफुटी,
जिथे झाडांची मुळं चिखलातून वर येऊन
श्वास घेतात, आणि भरती त्यांना रोज दोनदा बुडवते.

तिथला हातभर चिखल मी नळीत भरून आणला,
बर्फाच्या पेटीत, मांडीवर धरून.
टीसीनं विचारलं, "मासे आहेत का?"
म्हटलं, "नाहीत. तेच बघायचंय."
मे महिन्यात लाइट जाते तेव्हा
निनावे रात्री येऊन फ्रीझरवर गोधडी घालतात.
आत वर्षं झोपलीत, थरावर थर.
एका थरात जस्त. त्याच्यावर शिसं.
वरच्या थरात एक निळा धागा, नायलॉनचा.
निनावेंनी तो भिंगाखाली बराच वेळ पाहिला.
"आपल्याकडचा नाही," म्हणाले.
जरा थांबून, "असूही शकते."
शोधनिबंधात मी लिहिलं:
स्रोत निश्चित करता येत नाही.

परीक्षकाचा शेरा आला: मध्ये इतकी धरणं,
इतकं अंतर, विरून जात असेल.
विरतं. बरंचसं विरतं. मी आकडे वाढवत नाही.

पण आंभोऱ्याच्या तानबा दिघोरेंना मी कुठल्या तक्त्यात घालू?
नाव उलटी घालून बसले होते, डांबर लावत.
म्हणाले, अहीर नावाचा मासा होता,
सापासारखा. समुद्रात जन्मायचा,
बोटभर, काचेसारखा, आरपार दिसणारा,
आणि धारेच्या उलट चढत इथवर यायचा.
इथे मोठा व्हायचा. म्हातारपणी
अंडी घालायला परत खाली, खाऱ्या पाण्यात.
"माह्या बापानं धरला होता कन्हानात, मांडीएवढा.
त्याले सारा रस्ता मालूम होता, बाई.
तुमी आता तो कागदावर काढून राहिले."

मी विचारलं, शेवटचा कधी पाहिला?
त्यांनी डांबराचा ब्रश डब्यात ठेवला,
नदीकडे पाहिलं, आणि सालाऐवजी
एका पोराचं नाव सांगितलं,
त्याच्या बारशाच्या आठवड्यात, म्हणाले.
ते पोर आता पुण्यात कंपनीत आहे.

पुलावर ऊन चढलंय.
बाटलीला चिठ्ठी चिकटवली: तारीख, वेळ, ठिकाण.
"मॅडम, तो रकाना भरला काय?"
"नाही अजून."
निनावे ओली दोरी गुंडाळतात,
कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत,
एक हात, दोन हात, तीन,
ओठांतल्या ओठांत मोजत, मागावरच्या सवयीनं.