जर्मनपट्टी

खानापूरच्या तहसील कचेरीसमोर
झेरॉक्सवाल्याच्या पत्र्याला टेकून माझं टेबल.
कन्नड उतारा मराठीत सांगायचे पन्नास रुपये.
मोडी असेल तर बोलून ठरवू.

बाई आली तेव्हा मी नुकता डबा उघडला होता.
गुड्रून तिचं नाव. तिनं कागदाची गुंडाळी सोडली
ती टेबल ओलांडून शेजारच्या बाकावर गेली.
एका शेतकऱ्याचे सहा मुलगे.
थोरल्याला जमीन, बाकीच्यांना बोटी.
दोघे ब्राझीलला. जंगल तोडलं, मका लावला.
एक आफ्रिकेत, विहीर खणताना गेला.
एक बोटीची वाट बघत गोठ्यातच मेला.
सहावा याकोब. त्याच्या चौकटीत
नुसतं बेळगाव, आणि एक प्रश्नचिन्ह.

दोन दिवस दप्तरांची धूळ खाल्ली.
तिसऱ्या दिवशी मोडीतल्या तीन ओळी सापडल्या:
याकोब साहेब जर्मान, नदीकाठी तीन एकर, पीक बटाटा.
सन चौदा साली सरकारनं नगरच्या छावणीत नेला.
फाळा बाकी, रुपये साडेतीन.

मला हसू आलं.
ते शेत मी शाळेत जाताना रोज तुडवलंय.
जर्मनपट्टी.
आम्हाला सांगायचे, कुणाला तरी नांगरताना
जर्मनचं पातेलं सापडलं, म्हणून ते नाव.
पुढे कन्नड पहाणीत प चा ह झाला,
पट्टीची हट्टी,
आणि तीन एकराचं, एकही घर नसलेलं
एक गाव तयार झालं.
माणसाचं भांडं, भांड्याचं गाव.
कुणी विचारायलाच गेलं नाही.

शेतात भरमव्वा घाडी रताळ्याचे वेल ओढत होती.
"बटाटं? न्हाई गं बाई.
हितं पाणी थांबतंय, कुजतंय सगळं.
सासऱ्यानं दोनदा लावून बघितलं की."
मी सांगितलं. गुड्रूननं वहीत लिहिलं: कुजतो.
मग बराच वेळ पेन हातातच राहिलं.

भरमव्वानं रताळी उकडून आणली,
जर्मनच्याच पातेल्यात.
याचं भाषांतर मी केलं नाही.
ठरल्या पैशात ते बसत नव्हतं.

कचेरीत परत आलो. बाईंना म्हणे फाळा भरायचाय.
कारकून म्हणाला, मालक?
गेला.
वारस?
ब्राझीलमध्ये चारशे.
तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, असा रकाना नाही.

निघताना तिनं माझ्या टेबलावर
चार रुपये ठेवले, दोन-दोनची नाणी,
आणि उभी राहिली. हिशेबाची बाई,
शेतकऱ्याच्या घरातली.
मी सगळे खण धुंडाळले.
आठ आणे कधीच बंद झालेत, हे तिला
कुठल्या भाषेत सांगायचं सुचेना.

रुपया परत देऊ केला, तिनं घेतला नाही.
म्हणजे दप्तरात काहीही असो,
त्या घराण्याचे आठ आणे
आता मी लागतो.