भिंतीतली गाडगी

मी चुना लावायला आलो होतो, अक्षरशः.
कुतैसीहून सात तास, त्यातले शेवटचे दोन
ओतियाच्या ट्रकमध्ये, पोत्यांवर बसून.
चर्च एवढंसं. चढावर शेळी उभी राहते तसं,
दोन पाय वर, दोन खाली.
दार इतकं ठेंगणं की मान तुकवावीच लागते,
विश्वास असो नसो.

किल्ली नाझिब्रोलाकडे, कोपरापर्यंत लांब.
कुलूप कुरकुरलं की ती त्याला स्वान भाषेत रागावते.
मला कळत नाही. कुलपाला कळतं.

आत अंधार. पूर्वेला एक फट,
सुरीच्या पात्याएवढा उजेड,
संतांचे डोळे तेवढे उरलेले.
आणि वर, भिंत वाकून छत होते तिथे, भोकं.
अकरा. मूठ जाईल एवढी.
मी थापी भरली, डावीकडचं दुसरं बुजवलं.

"हात काढ," ती खालून म्हणाली.

गाडगी आहेत ती. बांधतानाच चिणलेली,
ना उताणी ना पालथी, आडवी,
तोंडं आतल्या बाजूला:
आवाज आत शिरावा, जरा टेकावा,
निघताना एकटा निघू नये.
भिंतीला कान असतात, एवढंच ऐकून होतो मी.

रविवारी तिघं आले.
बिमुर्झा, त्याचा धाकटा भाऊ,
आणि शाळेच्या गाडीवरचा गेगी,
बूट झटकूनही चिखल आत आणणारा.
खालचा सूर बिमुर्झाने धरला, ओझं धरावं तसा.
मधला भावाचा.
गेगीचा वरचा, चढाने दम लागलेला.
सूर एकमेकांना घासत गेले, जवळजवळ भांडण,
आणि अचानक तिघांचा एकच.
त्यांनी तोंडं मिटली.
भिंत गातच राहिली.

फक्त डावीकडे, दुसऱ्या जागी, काही नव्हतं.
पडलेल्या दाताकडे जीभ जाते
तसा माझा कान तिथे जात राहिला.

चुना घट्ट झाला होता. रात्री छिन्नी,
मग नाझिब्रोलाचा चमचा, मग बोट.
निघालं: कुंभारमाशीचं घर, एक पीस,
अर्धा अक्रोड.

ओतिया विचारतो, चार दिवस केलंस काय?
बिलात लिहिलंय: भोकं बुजवली, शून्य.

शिडीवरून उतरण्याआधी
मी त्या तोंडाशी तोंड नेऊन हूं केलं.
मला सूर नाही, घरचे सांगतात.
गाडग्याने तो तसाच परत दिला,
थोडा खाली, थोडा उशिरा.