केबल गोठली नाही

तार्तूला, एमायोगी नदीच्या काठी
चौथ्या मजल्यावर राहतात लेइडा कांगुर.
वय शहाऐंशी. लिफ्ट नाही.
राईचा काळा पाव काखेत मारून मी जिने चढलो
आणि धाप गिळून विचारलं
अकरा वर्षं विचारायचं राहिलेलं:
'बाई, तुमच्या त्या गोष्टीत
शनीच्या बर्फाळ चंद्रावर यंत्र उतरतं,
तापल्या नाकानं बर्फ वितळवत
खाली, आणखी खाली, बारा किलोमीटर जातं.
त्याची केबल
गोठली कशी नाही?'

त्यांनी चष्मा पुसला.
'मी लिहिलं होतं ना,' म्हणाल्या,
'केबल गोठली नाही.'

एवढंच.
तीन शब्द, एक पूर्णविराम.

ते मी नवव्या वर्षी वाचले होते,
वडिलांच्या गठ्ठ्यातल्या जुन्या मासिकात,
घोंगडीखाली, टॉर्चच्या पिवळ्या उजेडात.
कागद इतका हलका
की मागच्या पानावरचं बुद्धिबळाचं कोडं
चंद्राच्या आभाळात दिसायचं.
पुढं इंजिनियर झालो. सांगायला लाज वाटते,
पण त्या तीन शब्दांपायी झालो.

आणि आमच्या शीतकक्षात
केबल गोठली.
पहिल्या हिवाळ्यात गोठली. लेप चढवला, गोठली.
गरम ठेवावी तर वीज पुरेना.
सातव्या वर्षी मंत्रालयातून पत्र आलं:
हे किती दिवस चालणार?
मी मनात म्हटलं, बाईंनी एका ओळीत उरकलं होतं.

त्या खोकेपर्यंत हसल्या.
'मला कुठला ठाऊक शनी!
पेइप्सी तलावावर कांदेवाला येवसेई
बर्फात गिरमिट फिरवायचा,
भोकातून दोरी सोडून माशाची वाट बघायचा.
तासाभरात भोक मिटायचं, दोरी अडकायची,
मग तो ज्या शिव्या द्यायचा!
गोष्टीत मी शिव्या गाळल्या,
दोरीचं अडकणं गाळलं.
बाकी सगळं येवसेईचं.'

म्हणजे मेख तिथंच होती, गाळलेल्या जागेत.

मग मी त्यांना मारेटबद्दल सांगितलं,
आमच्यातली सगळ्यांत धाकटी;
गेल्या वर्षी कॉफी ढवळता ढवळता म्हणाली,
'गोठू दे की.'
रीळ वर ठेवायचंच नाही.
यंत्राच्या पोटात ठेवायचं, कोळ्याच्या धाग्यासारखं;
जाता जाता केबल मागं सुटत राहील,
बर्फ मिटेल, तिला आवळून धरील.
धरू दे.
आतून निरोप वाहता राहिला की झालं.

बाई गप्प झाल्या.
'गोठू दे,' पुटपुटल्या, चव घेतल्यासारख्या.
खणातून जुनी प्रत काढली,
तीन शब्दांवर पेन्सिलीची रेघ मारली
आणि समासात लिहू लागल्या.
हात कापत होता.
मी वाकलो तर पान झाकलं,
शाळेतली मुलगी झाकते तसं.

'आणि बर्फाखाली? काय आहे तिथं?'
'माहीत नाही. निघायलाच अजून चौदा वर्षं आहेत.'
'मग चौदा वर्षं,' त्या म्हणाल्या, 'तळ माझा.'

पाव कापता कापता सुरी थांबली.
'पाणी खारट असेल ना रे?'
'असावं.'
'किती?'
मी आमचा अंदाजाचा आकडा सांगितला, चुकू शकतो असंही सांगितलं.
त्यांनी दोन्ही लिहून घेतलं.