दोन सूत

हॉलमध्ये निळा धूर सोडला होता.
धुरातून यंत्र आलं, नवरदेव यावा तसं,
आणि नादीन गालावरच्या माइकात म्हणाली,
वाळवंटाने आज हार मानली.
टाळ्या.
यंत्राचं नाव नसीम. म्हणजे झुळूक.
वजन एकाहत्तर किलो.

पॅनेलवरची धूळ सकाळी मीच टाकली होती,
पिठाच्या चाळणीने.
धूळ कसली, टाल्कम पावडर,
गुलाबाच्या वासाची, शारजाहून आणलेले तीन डबे.
खरी धूळ अशी निघत नाही
हे तिघांनाच ठाऊक होतं:
मला, बिनीशला
आणि नसीमला.

खरी धूळ मदिनात झायदच्या पुढे,
जिथे पॅनेलच्या रांगा क्षितिजापर्यंत जातात
आणि परत येत नाहीत.
तिथे रात्री तीनला दव पडतं.
आईला फोनवर सांगितलं,
ती म्हणाली, बरंय की मग, गारवा.
बरं कसलं.
दव धुळीत मुरतं, सहाला ऊन लागलं
की काचेवर खपली धरते, गुडघ्यावर धरते तशी.
ब्रश नुसता वरून फिरतो,
आणि अकराव्या रांगेच्या सांध्यापाशी
नसीम थबकते, गुरगुरते,
आणि माझ्या मोबाइलवर कळवते
की सगळं ठीक चाललंय.

वडिलांचा लेथ होता कुपवाडला, भाड्याच्या गाळ्यात.
मिलिमीटर त्यांना पटत नसे. सूत म्हणत.
सूतभर घे. थांब. बघ. मग पुन्हा सूतभर.
सुतावरून स्वर्ग गाठणारे त्यांच्याकडेही येत,
गुळगुळीत कॅटलॉग घेऊन.
चहा मिळायचा त्यांना. ऑर्डर नाही.

ब्रश आम्ही चौदा वेळा बदलला.
नायलॉन. जाड नायलॉन. काथ्या.
एकदा गुलरेजने बकऱ्याच्या केसांचा बांधून आणला,
तो दोन दिवस फार सुरेख चालला
आणि तिसऱ्या दिवशी त्याला वास यायला लागला.
शेवटी पहिलाच ब्रश पुन्हा बसवला,
फक्त दोन सूत वर घेतला,
आणि निघायची वेळ आणली पावणेतीनवर,
दव पडायच्या आत.
एवढंच. आठ महिन्यांचं काम.
गेल्या महिन्यात एकोणीस वेळा अडकली होती,
या महिन्यात सतरा.

आकडा नादीनला पाठवला.
तिचा फोन आला: याचं एखादं वाक्य होईल?
म्हटलं, होईल. एकोणिसाचे सतरा झाले.
ती हसली, कुत्सित नाही, थकून.
तुझ्या वाक्यावर कुणी चेक लिहिणार नाही, म्हणाली,
आणि माझ्या वाक्यावर आलेल्या चेकमधूनच
तुझे चौदा ब्रश आले.

खरं होतं.
मी फोन ठेवला नाही, बोललोही नाही.
तिच्या मागे कुणीतरी पुढच्या शहरातल्या हॉलमध्ये
धुराचं मशीन तपासत होतं.
फुस्स. फुस्स.

आज पावणेतीन.
नसीम निघाली. बाजूने बिनीश, हातात टॉर्च,
व्यायला झालेल्या गाईबरोबर चालावं तसा.
आठ. नऊ. दहा.
अकराव्या रांगेचा सांधा.
थबकली.
गुलरेजने काहीतरी पुटपुटलं, प्रार्थना की शिवी, कळलं नाही.
गेली.

बिनीशने नाक शिंकरलं.
मी वहीत वेळ लिहिली, पेन चालेना, पुन्हा लिहिली.
काचेवर तिच्या मागे लांब काळा पट्टा,
इतका स्वच्छ की त्यात तीन-चार तारे,
आणि कडेला, फ्रेमला लागून,
सूतभर धूळ, तशीच.