बाहुली केवढी

पहिलं वर्षभर काच हातात मिळत नाही.
ऑर्ट्रूनबाई एक वही देतात, दोन पेन्सिली,
आणि खोडरबर काढून घेतात.
"पुसायचं नाही. चुकलं तर शेजारी दुसरा काढ."

वही भरत गेली:
बदाम, बदाम, बदाम,
प्रत्येक बदामात शिवलेलं एक बटण.
लहानपणापासून मी हाच डोळा काढत आले होते,
कुणाच्याच चेहऱ्यावर नसलेला.

लाउशा गावात ऊन उशिरा उतरतं.
दोन्हीकडून डोंगर, त्यांवर काळपट झाडी,
घरांच्या भिंतींनासुद्धा पाटीच्या दगडाचे खवले.
खालच्या गल्लीत भट्ट्या.
कुणी नाताळचे गोळे फुंकतं, कुणी हरणं.
आम्ही डोळे.

"पांढरं कुठं आहे?" बाई विचारतात.
मी बोट ठेवते.
"नीट बघ."
कोपऱ्यात गुलाबी. पापणीखाली राखी.
नाकाच्या बाजूला जुन्या दातासारखं पिवळट.
पांढरा एवढाच, एक ठिपका, खिडकीचा,
आणि तोच काढायचा नसतो.
तेवढा कागद कोरा सोडायचा,
बर्फाच्या रात्री मांजरासाठी दार किलकिलं ठेवावं तसा.

मार्च उजाडेपर्यंत मला खालच्या पापणीची जाडी दिसायला लागली,
ती ओलसर कड, जिच्यावर पाणी थांबून राहतं
ओघळायचं की नाही हे ठरेपर्यंत.
आणि पापणीचे केस:
आधी खाली झुकतात, मग वळतात,
दोन-तीन एकमेकांत अडकतात,
चर्च सुटल्यावर दारातच घोटाळणाऱ्या बायकांसारखे.

एप्रिलमध्ये गेबहार्ड लिंडिग आले.
छपरावर पाटी तासताना कपची उडाली होती,
त्याला एकोणीस वर्षं झाली.
काचेचा डोळाही झिजतो. हा त्यांचा बारावा.
बाई मला म्हणाल्या, "आज तू काढ. उजवा. जिवंत."

गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसले.
डोळ्याला डोळा भिडवून चाळीस मिनिटं
मी माझ्या आईकडेही पाहिलेलं नाही.
कार्डावर लिहिलं होतं, निळा.
निळा नव्हता. राखाडीवर वाळल्या गवताचे धागे,
घड्याळात सात वाजतात तिथे
तंबाखूच्या चुऱ्याएवढा एक डाग.
इथवर जमलं.

पण बाहुली!
ढग आला, ती मोठी झाली.
ढग सरला, मिटत मिटत मोहरीएवढी.
बाहेर कुत्रं भुंकलं, परत फुलली.
मी काढेपर्यंत ती खोटी ठरलेली असायची.
शेजारी दुसरी काढली. तिच्या शेजारी तिसरी.
एका पानावर अकरा बाहुल्या, आणि मी रडकुंडीला.

बाईंनी वही त्यांच्यासमोर धरली.
"काचेतली हलणार नाही, लिंडिग.
एकच मिळेल. कुठल्या उजेडातली हवी?"

ते बराच वेळ टोपी फिरवत राहिले.
"रस्त्यावर कोण बघतंय माझ्याकडे?
संध्याकाळी सहाला आमची ही पत्ते पिसते.
स्वयंपाकघरात. दिवा लावत नाही, बिल येतं म्हणते.
मग टेबलापलीकडून टक लावून बघते
मी थाप मारतोय का ते.
त्या वेळेला असते तेवढी ठेवा."

मी आठवीवर बोट ठेवलं. ढगाआडची.
बाईंनी ज्योत पेटवली.

दुपारी दोनला ते उठले, आरशात पाहिलं,
नाक शिंकरलं, पैसे मोजून दिले.
दारात कोट चढवताना वळले
आणि मला डोळा मारला.

कुठला, ते अजून सांगता येत नाही.